जुन्या व्हॅनच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात वाडीवाडीत एखादी तरी जुनी व्हॅन असतेच. ओम्नी, ईको, मॅजिक, विंगर, ट्रॅव्हलर, कुठे कुठे अजून मॅटाडोरसुद्धा. सकाळी तीच शाळेची मुलं सोडते, दुपारी तीच मासे नाहीतर सिमेंटच्या गोणी आणते, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि गणपतीत अख्खं घर. एवढी कामं एकाच गाडीवर आणि हवा मात्र बारा महिने एकच, पंक्चरवाल्याने मारली ती. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. एम एच ०६, ०७, ०८ वाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

सगळे सांगतात ३५ मार, टेन्शन नको. तर सरळ ३५ ठेवू का?

नको. ३५ हा आकडा तुमच्या गाडीचा नाही, तो पंक्चरच्या दुकानातला सोयीचा आकडा आहे. येईल त्या गाडीला ३० नाहीतर ३५ मारून मोकळं व्हायचं, कारण त्याला दिवसात पन्नास गाड्या बघायच्या असतात आणि प्रत्येकीचं पुस्तक उघडायला वेळ नसतो, त्यात त्याचा दोष नाही. पण रिकाम्या हलक्या व्हॅनला मागे ३५ म्हणजे गाडी खड्ड्यात उडणार, ओल्या वळणावर मागचं चाक सरकणार, आणि एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जास्त वजन उचलणारे) टायर लावलेल्या मोठ्या सतरा सीटर गाडीला भरल्यावर ३५ म्हणजे खूपच कमी, टायर बाजूने दबून आतून तापणार. साध्या पॅसेंजर टायरवरच्या लहान व्हॅन ढोबळमानाने पंचविशीपासून पस्तिशीपर्यंत असतात, एलटी टायरच्या मोठ्या गाड्या चाळिशीच्या पुढे जातात. यात नेमका तुमचा आकडा कुठला ते कंपनीने गाडीवरच लिहून ठेवलेलं असतं.

ते कुठे लिहिलेलं असतं? माझ्या गाडीला तर काहीच दिसत नाही.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, दरवाज्याच्या कडेला किंवा मधल्या खांबावर खाली एक स्टिकर असतो. तिथे नसेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत किंवा पेट्रोलच्या झाकणामागे बघा. त्यावर टायरचा साइज, पुढचं आणि मागचं प्रेशर, बऱ्याच गाड्यांवर दोन-तीन माणसांसाठी वेगळं आणि पूर्ण लोडला वेगळं असं लिहिलेलं असतं.

आपल्याकडे पंधरा वर्षांच्या गाडीवर हा स्टिकर सापडणं कठीण, मान्य आहे. खारी हवा, ऊन, आणि मध्ये एकदा तरी गंज काढून पेंट मारलेला असतो त्यात तो जातो. मग ओनर्स मॅन्युअल बघा, तेही नसेल तर त्याच मॉडेलची, त्याच वर्षाच्या आसपासची आणि त्याच टायर साइजची दुसरी गाडी शोधून तिच्या स्टिकरचा फोटो काढून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून मॉडेल आणि वर्ष सांगितलं तरी सांगतात. आकडा मिळाला की पर्मनंट मार्करने दरवाज्याच्या आतल्या कडेला लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे गाडी कोणीही चालवायला नेली तरी त्याला दिसेल.

पुस्तकात केजी नाहीतर बार लिहिलंय, दुकानात पीएसआय विचारतात, कोणी तर पौंड म्हणतं. गोंधळ होतो.

पौंड आणि पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड दाब) एकच. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि जुन्या पुस्तकातला १ केजी प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. म्हणजे २ केजी लिहिलं असेल तर २८, २.४ केजी असेल तर ३४. केपीए लिहिलं असेल तर त्याला ६.९ ने भागा.

टायरवरच मॅक्स प्रेशर छापलेलं आहे ना, मग तेवढीच मारू?

नाही नाही नाही. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची वरची मर्यादा आहे. तो टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना लागतो, टायर कंपनीला काय माहीत तो तुमच्या ओम्नीला बसणार की आणखी कशाला. गाडीचं वजन, ते पुढे किती मागे किती, सस्पेन्शन कसं, हे गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं म्हणून आकडा त्याचा घ्यायचा. टायरवरच्या आकड्याचा उपयोग एवढाच, की थंड टायरमध्ये त्याच्या वर कधीच जायचं नाही.

गाडी कधी रिकामी असते, कधी गच्च भरलेली. मग पुढे किती, मागे किती?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याच्यावरच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

ओम्नी आणि ईकोसारख्या गाड्यांमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. रिकामी गाडी असली की ड्रायव्हर आणि इंजिन मिळून वजन पुढे, मागे नुसता पत्रा. पण मागे सहा माणसं आणि टपावर सामान टाकलं की जवळजवळ सगळं वाढीव वजन मागच्या दोन टायरवर येतं, पुढच्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून लोडला हवा वाढवायची ती मुख्यतः मागे, आणि किती ते स्टिकरवरच्या फुल लोडच्या रांगेत. चारही चाकांना सारखी चार-चार पौंड वाढवण्यात अर्थ नाही, पुढे उगाच कडक होतं आणि स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं.

ज्यांची गाडी रोज बदलत्या लोडला चालते त्यांना माझं स्पष्ट मत, मागची हवा लोडच्या आकड्यावर ठेवा आणि रिकामी चालवताना थोडी उडाली तर सहन करा, कारण उलटं केलंत, म्हणजे हलक्या लोडची हवा ठेवून वर आंब्याच्या पेट्या भरल्यात, तर ते धोक्याचं आहे. मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, सुटतो, दबतो, सुटतो, त्याने बाजूची भिंत आतून तापते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग कधीतरी देवगडहून वाशीला जाताना भर दुपारी हायवेवर तो फाटतो. लोक म्हणतात हवा जास्त होती म्हणून फुटला. बहुतेक वेळा कमी हवा आणि जास्त वजन हेच कारण असतं.

ज्यांची गाडी बाराही महिने फक्त घरच्या दोन माणसांसाठी आहे त्यांनी हलक्या लोडचा आकडा ठेवावा, आणि गणपतीला किंवा लग्नसराईत गाडी भरायच्या आदल्या संध्याकाळी मागे हवा वाढवावी. सण संपला की परत खाली.

पण माझ्या टायरवर किती वजन येतंय हे कळणार कसं?

वजनकाट्यावर न्या. चिरेखाणीच्या, खडी क्रशरच्या किंवा भंगारवाल्याच्या आसपास काटा असतोच, थोडे पैसे घेतात. नेहमीचा पूर्ण लोड भरून न्या आणि दोनदा वजन करा, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची. आलेल्या वजनाला दोनने भागलं की एका टायरवरचं वजन.

आता टायरवर साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ८० म्हणजे एक टायर ४५० किलो उचलतो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९० म्हणजे ६००, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. समजा तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलचं वजन ९६० किलो भरलं, तर एका टायरवर ४८०, आणि टायर ८० चा असेल तर तो आधीच मर्यादेच्या बाहेर आहे. अशा वेळी हवा वाढवून काहीही साधत नाही, सामान उतरवा किंवा योग्य क्षमतेचा टायर बसवा. आणि हो, ही क्षमता टायरमध्ये त्याच्यासाठी ठरलेली पूर्ण हवा असतानाची आहे, हवा कमी तर क्षमताही कमी.

शाळेची मुलं नेणाऱ्यांनी हे एकदा तरी कराच. दप्तरांचं वजन कोणी धरत नाही.

चेक कधी करायचं? थंड टायर म्हणजे नक्की काय?

गाडी तीन तास तरी उभी असेल, किंवा उभी असल्यानंतर जेमतेम दोन किलोमीटर चालली असेल, तर टायर थंड. सगळे आकडे, स्टिकरवरचे, पुस्तकातले, सगळे याच अवस्थेचे आहेत. सकाळी ऊन अंगणात यायच्या आत चेक करणं सगळ्यात चांगलं. एक बाजू उन्हात आणि एक बाजू माडाच्या सावलीत असेल तरी दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात आणि माणूस उगाच समजतो की एक टायर लीक आहे. तापमान १० अंशांनी वाढलं तर तिशीतल्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतो, असा हिशोब धरा.

पंधरा दिवसांतून एकदा बस झालं, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दीड पौंड आपोआप जातोच.

घरापासून पंप बारा किलोमीटर लांब आहे. तिथे पोचेपर्यंत टायर गरम होतो, मग काय करायचं?

सकाळी घरी स्वतःच्या गेजने मोजा आणि कुठल्या चाकात किती कमी आहे ते लिहून घ्या. समजा पुढे डाव्या चाकात ४ कमी आहे. पंपावर गेल्यावर गरम टायर जे काय दाखवेल त्याच्यावर ४ वाढवा, झालं. घरी मोजलंच नसेल तर गरम टायरला स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीनेक जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून जास्तीची सोडा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका, गरम टायरचं प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा सोडणं. ती वाढ नैसर्गिक आहे, धरूनच आकडा ठरवलेला असतो. सोडलीत तर टायर थंड झाल्यावर कमी हवेवर चालणार आणि पुढच्या वेळी अजून जास्त तापणार.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी, ती सोय पंपाने द्यायचीच असते. कॉम्प्रेसर बंद आहे असं दर वेळी ऐकावं लागत असेल तर तक्रार वही मागा.

पावसाळ्यात हवा थोडी कमी केली की ग्रिप वाढते, असं जुने ड्रायव्हर सांगतात. खरंय का?

चिखलाच्या पाणंदीत, अगदी हळू, थोडा वेळ, तर काही अंशी खरं. डांबरी आणि काँक्रीटच्या ओल्या रस्त्यावर साफ चुकीचं.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाण्याचा थर. टायरला ते पाणी नक्षीतून बाजूला ढकलून खाली रस्ता गाठायचा असतो. हवा पुरेशी असेल तर टायर पाण्याला कापत जातो. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, पाणी तिथे अडकतं आणि एका वेगाला टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला होता आणि त्यातून निघालं की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग प्रेशरच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३६ पीएसआयला साधारण १०० किलोमीटर वेग येतो, २५ ला ८३, आणि २० ला ७५ च्या आत. गाडीच्या टायरला हे तंतोतंत लागू पडत नाही, नक्षी किती शिल्लक आहे आणि पाणी किती खोल आहे यावर पुष्कळ बदलतं, पण दिशा तीच. हवा कमी म्हणजे गाडी लवकर तरंगणार.

म्हणून पावसाळ्यात हवा कमी नाही, बरोबर ठेवायची, आणि नक्षी बघायची. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते, ते उंचवटे १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्या पावसात मी म्हणेन त्याच्या आधीच बदला, मे महिन्यात. गोटा झालेल्या टायरवर हवेचा कुठलाही आकडा तुम्हाला वाचवणार नाही.

घाटासाठी वेगळी हवा लागते का? आंबोली, फोंडा, आंबा घाट वरचेवर असतो.

नाही. लोडप्रमाणे असेल तीच. लोक विचारतात उंचीवर हवा फुगते का, तर आंबोली समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, तिथे बाहेरचा वायुदाब कमी झाल्यामुळे गेज साधारण एक पौंड जास्त दाखवतं, आणि वर गारवा असल्याने थंड टायरमध्ये तेवढंच उतरतंही. विसरून जा.

घाटात खरा प्रश्न उतरतानाचा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ड्रम तापतात, ती उष्णता चाकाच्या लोखंडी डिस्कमधून टायर आणि ट्यूबपर्यंत जाते. भरलेली जुनी व्हॅन सेकंड गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरवा. आणि खाली चहाला थांबलात की टायरला हाताच्या मागच्या बाजूने हात लावून बघा, चारात एकच टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरतोय.

बीचवर वाळूत गाडी घालायची असेल तर हवा किती सोडायची?

गाडीच घालू नका. मनापासून सांगतोय. वाळूसाठी हवा उतरवणं हे फोर बाय फोरवाल्यांचं तंत्र आहे, तुमची व्हॅन टू व्हील ड्राइव्ह, टायर अरुंद, आणि ट्यूब असेल तर खूप कमी हवेवर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकांची गाडी रुततेच, भरती चढत असते आणि गावातली माणसं दोर घेऊन धावत असतात. बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे. वेळास, आंजर्ल्याच्या बाजूला तर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वरून चाक गेलं तर घरटं दबतं.

चुकून अंगणातल्या किंवा वाटेवरच्या सैल वाळूत अडकलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाकापुढची वाळू हाताने काढा, खाली झावळ्या किंवा फळ्या घाला, माणसं उतरवा आणि हळू बाहेर काढा.

दर आठवड्याला एकाच चाकातली हवा उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही. का?

किनाऱ्याजवळ राहत असाल तर पहिला संशय रिमवर. लोखंडी डिस्कची कड, जिथे टायर बसतो, तिथे गंजाचे पापुद्रे निघतात आणि ट्यूबलेस टायर तिथून थेंबथेंब हवा सोडतो. जेटीवर मासे भरायला जाणाऱ्या गाड्या आणि फेरीबोटीवर रोज चढणाऱ्या गाड्या यांना हा त्रास जास्त. साबणाचं पाणी करून कडेवर, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर ओता, बुडबुडे दिसतील. कडेवर दिसले तर टायर उतरवून रिम घासून, प्रायमर-पेंट मारून परत बसवावा लागेल. तोंडावर दिसले तर नुसती आतली पिन बदला, दहा मिनिटांचं काम. आणि व्हॉल्व्हला टोपण हवंच, लाल माती आणि वाळू पिनीत गेली की ती नीट बसत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर चाकांवर गोडं पाणी मारायची सवय लावा, आतल्या बाजूनेही.

माझ्या गाडीला ट्यूबवाले टायर आहेत. ट्यूबलेस टाकू का?

रिम ट्यूबलेसची असेल तरच. जुन्या ट्यूबवाल्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटा नसू शकतो, तिथे हवा कमी झालेला ट्यूबलेस टायर वळणावर रिमवरून सुटू शकतो. चांगला टायरवाला रिम बघून सांगेल. रिम योग्य असेल तर जरूर टाका, खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो, ट्यूब मात्र एका झटक्यात रिकामी होते. हवेचा आकडा दोन्हीला तोच.

इथेच एक सांगतो, रेडियल टायरची बाजू बरोबर हवेवरही थोडी फुगलेली दिसते. जुन्या पद्धतीच्या, कडक बाजूच्या नायलॉन टायरवर आयुष्य काढलेले लोक लाथ मारून किंवा नुसतं बघून सांगतात हवा कमी आहे, मार अजून. डोळ्याने रेडियलची हवा कळत नाही, गेजच लागतं. आणि एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन अजिबात नको.

टायर एक नंबर मोठा टाकलाय, किंवा साध्याऐवजी एलटी टाकलाय. आता स्टिकरचा आकडा चालेल?

जशाचा तसा नाही. एलटी टायरची बाजू जाड असते आणि तेच वजन उचलायला त्याला सहसा साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, ६ पीआरचा (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या ताकदीची श्रेणी) वेगळा, ८ पीआरचा वेगळा. टायर कंपन्यांकडे प्रेशर आणि लोडचे तक्ते असतात, डीलरला सांगून तुमच्या साइजचा तक्ता मागवा आणि वजनकाट्यावर आलेल्या वजनाशी जुळवा. नवीन टायरचा लोड इंडेक्स जुन्यापेक्षा कमी असेल तर तो टायर घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) पुढच्या चाकांना लावू नका.

आकडा ठरवला. तो माझ्या गाडीला बरोबर बसतोय हे कसं ओळखू?

तीन गोष्टी बघा. पहिली खडूची, टायरच्या नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ मारा, सपाट सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा आणि उतरून बघा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, दोन्ही कडांचाच गेला तर कमी, सगळीकडे सारखा पुसला गेला तर बरोबर. नेहमीचा लोड ठेवूनच करा.

दुसरी गरम-थंड फरकाची. सकाळी थंड मोजा, अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवून लगेच परत मोजा. लहान व्हॅनला साधारण चारेक पौंड वाढले तर ठीक, त्याहून बरेच जास्त वाढले तर टायर जास्त तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी किंवा लोड जास्त. हा अनुभवाचा नियम आहे, एखाद-दुसऱ्या पौंडासाठी डोकं लावू नका.

तिसरी आणि सगळ्यात खरी, झीज. मधून खात असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा खात असेल तर कमी. एकच कड खात असेल तर हवेचा संबंध नाही, अलाइनमेंट करा. मध्येमध्ये चट्टे पडल्यासारखा खात असेल तर शॉकअब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा, जुन्या व्हॅनला शॉकअब्सॉर्बर गेलेले असणं अगदी नेहमीचं आहे.

या तिन्हींवरून स्टिकरच्या आकड्यापेक्षा एक-दोन इकडेतिकडे करायला हरकत नाही. शंका असेल तेव्हा वरच्या बाजूला राहा.

नायट्रोजन भरावा का?

फुकट असेल तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच फायदा, आणि नंतर वर साधी हवा मारली तर काही बिघडत नाही. आठवड्याला चेक करणाऱ्याच्या साध्या हवेपुढे वर्षभर न बघितलेल्या नायट्रोजनचा काही उपयोग नाही.

गेज कुठलं घेऊ?

साधं डायलवालं किंवा डिजिटल, कुठलंही, फक्त स्वतःचं घ्या आणि दर वेळी तेच वापरा. दुकानातली गेज दिवसभर आपटून दोन-चार पौंड चुकीची झालेली असू शकतात. सोबत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतलात तर आडगावात राहणाऱ्याला खूप सोयीचं, पण जुन्या गाडीत लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढा करंट झेपणारा आहे का ते आधी बघा, नाहीतर थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, गाडी उघड्यावर असू दे.

आम्ही मुंबईला असतो, गाडी गावाला चार-सहा महिने उभीच. काय करायचं?

उभी करताना हवा स्टिकरच्या फुल लोडच्या आकड्याला आणा, थोडी वर गेली तरी टायरवरच्या मर्यादेच्या आत ठेवा. गावात कोणाला तरी किल्ली देऊन पंधरा-वीस दिवसांनी गाडी थोडी पुढेमागे करायला सांगा, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही. चाकं उचलून ठेवायची असतील तर जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवू नका, चिरा वजनाने अचानक फुटतो. लोखंडी स्टँड घ्या. आणि गावी आल्या आल्या थेट बाजाराला निघू नका, आधी हवा.

नक्षी छान आहे पण टायर जुना आहे. चालेल?

टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी टायरवाल्याकडून नीट तपासून घ्या, दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, काढून टाका. बाजूला बारीक भेगा किंवा फुगा दिसला तर वय न बघता लगेच. फुगा आलेल्या टायरमध्ये हवा कमी करून चालवू म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, आतले धागे तुटलेले असतात.

हवेमुळे मायलेजमध्ये खरंच फरक पडतो?

पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. चारही टायरमध्ये एक-एक पौंड कमी झाला तर साधारण ०.२ टक्के. दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के. टायर लवकर संपण्याचा खर्च याच्यापेक्षा मोठा.

स्टेपनीत किती ठेवायची?

सगळ्यात जास्त लागणारी, म्हणजे मागच्या चाकाची फुल लोडची. लागेल तेव्हा सोडता येते, रात्री काळोखात भरता येत नाही. काही गाड्यांची स्टेपनी खाली टांगलेली असते आणि ती आठवणीत राहत नाही, व्हॉल्व्हचं तोंड खाली, हात पोचेल असं बसवून घ्या. स्टेपनी चेक करताना जॅक पण एकदा फिरवून बघा, खाऱ्या हवेने त्याचा स्क्रू जाम होतो, थोडं ग्रीस लावून ठेवा. आणि पाना तुमच्याच नटाला बसतो का तेही बघा, सेकंड हँड गाडीत बऱ्याचदा दुसऱ्याच गाडीचा पाना असतो.